ट्रान्सफॉर्मरच्या तेलातला हायड्रोजनचा चकवा

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक राहिले, तर ते कळकते. आंबट पदार्थ आणि उघडा धातू यांची रासायनिक गट्टी जमते, पदार्थ हिरवट पडतो, चव बिघडते, कधी पोटही बिघडते. म्हणून पूर्वी गावोगाव कल्हईवाला फिरायचा. भाता लावून भांडे तापवायचा आणि आतून कथलाचा पातळ थर फिरवायचा. थर नखाएवढाही जाड नसे, पण धातू आणि पदार्थ यांच्यात तो पडदा धरून उभा राही.

असाच पडदा विजेच्या मोठ्या रोहित्रांतही, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्येही धरावा लागतो. तिथे भांडे तांब्याचे नसते, पण आत तांब्याच्या तारांची गुंडाळी असते. आणि ताकाच्या जागी असते खनिज तेल. फरक एवढाच की हा पडदा लावल्यावर तेलाच्या तपासणीचा अहवाल अचानक घाबरवणारा येऊ शकतो. ती घाबरगुंडी खरी की खोटी हे ओळखता आले नाही, तर चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते.

बीड जिल्ह्यात रोहित्र म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर येते ती शिवारातली डीपी. रब्बीत सगळे पंप एकदम सुरू झाले की ती जळते, आणि मग दुसरी मिळेपर्यंत हरभरा-गव्हाचे पाणी थांबते. पण त्या डीपीच्या मागे, तारांच्या दुसऱ्या टोकाला, तिची आजी-पणजी शोभावी अशी अवाढव्य रोहित्रे उभी असतात. परळी वैजनाथला १९७१ पासून कोळशावर वीज तयार होते. ३० मेगावॅटच्या दोन संचांनी सुरुवात झाली. पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे संच आले, जुने निवृत्त झाले. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाणीच नसल्याने हे केंद्र बंद ठेवावे लागले होते, ते जिल्हा विसरलेला नाही. अशा केंद्रात जनित्रातून वीज बाहेर पडते ती साधारण १६ हजार व्होल्टने. ती दूर पाठवायची तर दाब लाखांच्या घरात न्यावा लागतो. ते काम जनित्र रोहित्र करते. पुढे अंबाजोगाई तालुक्यातल्या गिरवलीसारख्या ४०० केव्ही उपकेंद्रांत आणखी रोहित्रे तो दाब सांभाळतात आणि टप्प्याटप्प्याने उतरवतात.

अशा एका रोहित्रात पाण्याचे तीन-चार टँकर भरतील इतके तेल असते. डीपी जळाली तर ती ट्रॅक्टरवर घालून नेता येते. हे धूड बिघडले तर न्यायला खास अनेक चाकांची गाडी लागते, आणि नवे बनवून यायला कित्येक महिने. दुकानात जाऊन विकत आणायची ही वस्तू नव्हे. म्हणूनच त्याच्या तेलाची तपासणी माणसाच्या रक्ततपासणीसारखी नियमाने केली जाते.

तेल काय काय सांगते

तेलाची मूळ कामे दोन : गुंडाळीची उष्णता बाहेर नेणे आणि विजेला भलत्या वाटेने उडी मारू न देणे. तिसरे काम कुणी त्याला सांगितलेले नाही, पण तेच इंजिनिअरांच्या सर्वांत उपयोगी पडते. आत काही बिघडले की तेलाचे रेणू तुटतात, त्यांतून वायू तयार होतात आणि तेलातच विरघळून राहतात. कोणता वायू किती, यावरून आत काय घडते आहे ते कळते.

हे तंत्र एकदम आले नाही. जर्मनीच्या माक्स बुखोल्झ यांनी १९२१ मध्ये एक साधी युक्ती काढली : रोहित्राची टाकी आणि वरची तेलाची टाकी यांना जोडणाऱ्या नळीत एक छोटी कुपी बसवायची. आतून बुडबुडे वर आले की ते कुपीत साठतात, तरंगता गोळा खाली येतो आणि घंटा वाजते. बुखोल्झ रिले आजही मोठ्या रोहित्रांवर असतो. पण तो वाजतो तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. बुडबुडा होण्याच्या कितीतरी आधी, तेलात विरघळलेल्या अवस्थेतच वायू पकडायचा, ही पुढची पायरी. काचेच्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा शिरू न देता तेल घेतले जाते, प्रयोगशाळेत त्यातले वायू बाहेर काढून गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजले जातात. प्रमाण सांगितले जाते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. वीजकेंद्रांत या चाचणीला सगळे नुसते ‘डीजीए’ म्हणतात.

प्रत्येक वायूचा स्वभाव वेगळा. तेल माफक तापले तर मिथेन आणि इथेन निघतात. कुठे धातूचा जोड सैल होऊन तो भाग कित्येकशे अंशांना तापला तर इथिलीन वाढते. ठिणगी किंवा विद्युत चाप पेटला तर ॲसिटिलीन. हा सर्वांत बदनाम पाहुणा. तो अगदी थोडा दिसला तरी लोक खुर्चीत सरळ होऊन बसतात. निरोधक कागद जळू लागला तर कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड. आणि हायड्रोजन? तो जवळपास प्रत्येक बिघाडात थोडाफार असतोच. पण तो एकटाच वाढला, सोबत थोडे मिथेन असले, तर संशय जातो तो ‘आंशिक विसर्जना’वर. म्हणजे कागदाच्या पोकळीत किंवा तेलातल्या बुडबुड्यात होणाऱ्या बारीक बारीक विद्युत चमका. त्या वर्षानुवर्षे कागद कुरतडत राहतात आणि एक दिवस निरोधन फुटते.

प्रमाण किती असले म्हणजे ठीक? आंतरराष्ट्रीय मानक ‘आयईसी ६०५९९’ नेहमीच्या रोहित्रांत हायड्रोजन साधारण ५० ते १५० पीपीएमपर्यंत आढळतो असे सांगते. भारतीय मानकांतही वायूंच्या अर्थाबद्दल आयएस १०५९३ आहे. हे आकडे लक्ष्मणरेषा नव्हेत, बहुसंख्य निरोगी रोहित्रांच्या नोंदींवरून काढलेले अंदाज आहेत. अनुभवी माणूस आकड्यापेक्षा तो किती वेगाने चढतो आहे ते आधी पाहतो.

जो आजार अहवालात दिसत नाही

आता गंधकाकडे. चांदीचे पैंजण काळे का पडतात हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते : हवेतले गंधकाचे अंश चांदीला धरतात. तांब्यालाही गंधक असेच धरते आणि कॉपर सल्फाइड तयार होते. खनिज तेल जमिनीतून येते, त्यात गंधकाची संयुगे थोडीफार असतातच. बहुतेक निरुपद्रवी. पण १९९० नंतरच्या काळातल्या काही तेलांत एक संयुग असे होते की ते साध्या तापमानाला गप्प राही आणि तेल तापले की तांब्यावर तुटून पडे. डायबेंझिल डायसल्फाइड हे त्याचे नाव. २००५ च्या सुमारास जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याच्यावर बोट ठेवले, तोवर ब्राझीलसारख्या उष्ण देशांत मोठ्या दाबाची शंट रिॲक्टर यंत्रे एकामागून एक फुटली होती.

चीड आणणारी गोष्ट अशी की ही तेले त्या काळच्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेली होती. तांब्याची पट्टी तेलात ठेवून १४० अंशांवर १९ तास तापवायची आणि काळी पडते का पाहायची, अशी जुनी चाचणी होती. ती पुरेशी कठोर नव्हती. नंतर तापमान १५० अंश झाले, वेळ ४८ तास झाला. २००८ च्या आयईसी चाचणीत तांबे कागदात गुंडाळून ७२ तास तापवायला लागले. कारण खरी मेख कागदातच होती. कॉपर सल्फाइड तांब्यावर बसून राहत नाही, गुंडाळीवरच्या कागदाच्या थरांत झिरपते. आणि ते काही प्रमाणात वीज वाहून नेते. ज्या कागदाने विजेला अडवायचे, त्याच्याच अंगात वीज वाहू देणारे काजळ भरत जाते. शेवटी शेजारशेजारच्या दोन वेढ्यांत वीज उडी मारते.

या सगळ्या प्रवासात डीजीएचा अहवाल बहुधा स्वच्छ असतो. ना तेल जळते, ना चाप पेटतो, मग वायू कुठून यावा? अपघाताच्या आदल्या महिन्यापर्यंत ‘सर्व ठीक’ असा शेरा मिळालेली यंत्रे फुटली, ती यामुळे.

पाच किलो औषध

उपाय कल्हईचाच निघाला, पण रासायनिक. बेंझोट्रायाझोल नावाचे संयुग तांब्याच्या पृष्ठभागाला चिकटून अतिशय पातळ थर धरते. संग्रहालयांत जुन्या कांस्यमूर्तींना लागलेली हिरवी कीड थांबवण्यासाठी हेच रसायन वापरतात. तेलात नीट विरघळावे म्हणून त्याचा एक भाऊबंद, टोल्यूट्रायाझोलचे रूप, रोहित्रांसाठी वापरला जातो. बाजारात तो ‘इर्गामेट ३९’ या नावाने ओळखला जातो. अशा पदार्थाला पॅसिव्हेटर म्हणतात, म्हणजे धातूला निष्क्रिय करणारा. मात्रा किती? एक किलो तेलाला सुमारे १०० मिलिग्रॅम. ५० टन तेल असलेल्या धुडाला फक्त ५ किलो. ते तेलात मिसळून पंपाने फिरवले की काही काळात तांब्यावर थर बसतो आणि गंधकाला तांबे सापडत नाही. नवे रोहित्र आणण्याच्या तुलनेत हा खर्च नगण्यच.

दोन गोष्टी मात्र हे औषध करत नाही. कागदात आधीच झिरपलेले सल्फाइड ते काढत नाही, आणि तेलातले गंधक नाहीसे करत नाही. रोग थांबतो, मागे फिरत नाही.

आणि मग येतो चकवा. पॅसिव्हेटर घातल्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत काही रोहित्रांच्या तेलात हायड्रोजन चढू लागतो. समजा, आधी ४० पीपीएम होता, तो दोनशेच्या पुढे जातो. सोबत कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडही वाढू शकतात. आत ठिणगी नाही, सैल जोड नाही. प्रयोगशाळेत नुसते तेल आणि पॅसिव्हेटर १०० ते १२० अंशांवर तापवले तरी काही तेलांत हायड्रोजन असाच निघतो, रोहित्राचा पत्ता नसताना. तेलात हवा विरघळलेली असेल तर जास्त निघतो. काही तेलांत काहीच फरक पडत नाही. तेलाची जात आणि वय यावर ते अवलंबून आहे. बिघाड नसताना तेलातून सुटणाऱ्या अशा वायूला इंजिनिअर ‘स्ट्रे गॅसिंग’ म्हणतात. पॅसिव्हेटरमुळे होणारी वाढ बहुधा काही काळाने मंदावते आणि आकडा एका पातळीवर थांबतो.

म्हणजे प्रकार उलटा झाला. खरा आजार होता तेव्हा अहवाल गप्प होता. औषध दिले आणि अहवाल ओरडू लागला.

वैद्यकात याला अगदी जवळचे उदाहरण आहे. क्षयरोगावर आयसोनियाझिड सुरू केले की काही रुग्णांच्या रक्तात यकृताच्या एन्झाइमांचे प्रमाण थोडे वाढते. बहुतेकांत ते औषध चालू असतानाच खाली येते. पण थोड्या रुग्णांना खरोखरच यकृतदाह होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. प्रत्येक वाढीला घाबरून औषध बंद केले तर क्षय बळावेल. प्रत्येक वाढीला ‘औषधामुळे असते हो’ म्हणून सोडून दिले तर एखादा रुग्ण हातचा जाईल. म्हणून डॉक्टर शक्यतो उपचार सुरू करण्याआधीचा आकडा नोंदवतात, आणि पुढे कावीळ, उलट्या, भूक मरणे अशी लक्षणे विचारतात. लक्षणे असतील तर सामान्य कमाल मर्यादेच्या तिप्पट वाढीलाच औषध थांबवतात, नसतील तर पाचपटीपर्यंत वाट पाहतात.

खरा हायड्रोजन आणि खोटा हायड्रोजन

रोहित्राच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच : औषधाआधीचा आकडा आहे का? पॅसिव्हेटर घालण्याच्या आदल्या दिवशी सिरिंजभर तेल काढून ठेवले नसेल, तर नंतरच्या कोणत्याही आकड्याला अर्थ लावणे अवघड जाते. शक्य असेल तिथे त्याच तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पॅसिव्हेटरसह आणि पॅसिव्हेटरशिवाय तापवून पाहतात. १२० अंशांवर आधी १६ तास आणि मग १६४ तासांपर्यंत, अशी पद्धत त्यासाठी ठरलेली आहे. हे तेल स्वभावतःच हायड्रोजन सोडणारे आहे का, ते तिथे कळते.

दुसरा प्रश्न सोबत्यांचा. हायड्रोजन वाढला, पण इथिलीन आणि ॲसिटिलीन जागच्या जागी असतील, तर निदान चाप आणि अतितप्त जोड हे दोन संशयित मागे पडतात. कॅनडाच्या हायड्रो-क्वेबेकमधले मिशेल दुव्हाल यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रसिद्ध त्रिकोण इथे उपयोगी पडतो. त्यात मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन या तिघांच्याच टक्केवारीवरून बिघाड ओळखतात. हायड्रोजन त्यात मुळी घेतलेलाच नाही. त्यामुळे हा खोटा हायड्रोजन त्या त्रिकोणाला हलवू शकत नाही. नंतर दुव्हाल यांनी हायड्रोजन धरून आणखी त्रिकोण आणि पंचकोन आखले, त्यांत स्ट्रे गॅसिंगसाठी वेगळा कोपराच राखून ठेवला.

उरतो तिसरा संशयित, आंशिक विसर्जन. खरा घोळ इथेच होतो, कारण त्याचाही मुख्य वायू हायड्रोजनच. दोघांना वेगळे करायची एक वाट म्हणजे वायू कशाच्या मागे धावतो ते पाहणे. तेलातून सुटणारा हायड्रोजन तापमानाच्या मागे जातो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर असताना, भरलेल्या भारावर रोहित्राच्या वरच्या थरातले तेल ८० अंशांच्या पुढे जाऊ शकते. तेव्हा तो वाढेल आणि थंडीत, भार कमी असताना, मंदावेल. आंशिक विसर्जन विजेच्या दाबाच्या मागे जाते. भार असो वा नसो, दाब लागलेला आहे तोवर चमका चालूच. त्यामुळे डिसेंबरच्या गारठ्यातही हायड्रोजन त्याच वेगाने चढत असेल, तर पॅसिव्हेटरकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. मग टाकीला बाहेरून ध्वनिसंवेदक लावून आतल्या चमकांची चाहूल घेतात, विद्युत चाचणी करतात. ॲसिटिलीन नव्याने दिसू लागले तर वादच मिटतो. ते पॅसिव्हेटरचे काम नव्हे.

हायड्रोजनचे आणखी एक-दोन खोटे उगमही आहेत. जस्ताचा मुलामा दिलेले भाग आणि तेलात मुरलेले पाणी एकत्र आले तर हायड्रोजन निघतो. म्हणून तेलातल्या ओलाव्याचा आकडा शेजारी ठेवूनच अहवाल वाचावा लागतो. श्वासनळीतल्या सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले आहेत आणि कुणी बदललेले नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीतूनही ओलावा आत शिरतो.

कल्हई उडते

भांड्याची कल्हई झिजते तसा पॅसिव्हेटरही संपत जातो. हवा आत-बाहेर करणाऱ्या, म्हणजे उघड्या श्वासाच्या रोहित्रांत आणि गरम तेलात तो लवकर संपतो. रबरी पिशवीने हवा अडवलेल्या रोहित्रांत जास्त टिकतो. वापरातल्या तेलासाठी आयईसीच्या मार्गदर्शनानुसार किलोमागे ७० मिलिग्रॅमच्या वर आणि स्थिर असेल तर ठीक, ५० च्या खाली जाऊन घसरतच असेल तर चिंतेचे. तेव्हा पुन्हा मात्रा द्यावी लागते, आणि हायड्रोजनचा चकवा पुन्हा भेटू शकतो. ज्या रोहित्रात मुळात गंधकच फार आहे, तिथे वारंवार कल्हई करत बसण्यापेक्षा तेल बदलणे किंवा त्यातले गंधक काढून टाकणे हा खरा उपाय असतो. तो खर्चिक असल्याने पुढे ढकलला जातो, आणि औषध हीच सवय होऊन बसते.

मुलतानी मातीचा यात वेगळाच हात आहे. जुने, आंबलेले तेल मुलतानी मातीच्या थरातून गाळून पुन्हा तजेलदार करतात. माती तेलातला मळ शोषते, आणि त्याबरोबर पॅसिव्हेटरही शोषून घेते. तेल दिसायला सोन्यासारखे होते, पण तांबे पुन्हा उघडे. गाळण्याच्या यंत्रात निर्वातामुळे विरघळलेले सगळे वायूही निघून जातात, म्हणजे अहवालाची पाटी कोरी होते. पुढच्या महिन्यात हायड्रोजन शून्यावरून चढताना दिसतो. त्यातला काही कागदात मुरलेला, मागून बाहेर आलेला. काही नव्याने घातलेल्या पॅसिव्हेटरचा. आणि असलाच तर काही खऱ्या बिघाडाचा.

हा गुंता सुटतो तो रोहित्राच्या नोंदवहीत. तेल कुणाचे, कोणत्या साली भरले, पॅसिव्हेटर कोणत्या तारखेला किती घातला, तेल कधी गाळले, वरून नवे तेल ओतले ते कुठल्या पिंपातले. नव्या तेलात पॅसिव्हेटर असेल तर पुरवठादाराने तसे जाहीर केलेच पाहिजे असे मानक सांगते. पण चार वेगवेगळ्या पिंपांतले तेल एका टाकीत गेल्यावर ते जाहीर करणे कागदावरच राहते. रोहित्र एका उपकेंद्रातून दुसऱ्यात हलवले जाते तेव्हा लोखंड, तांबे, तेल सगळे गाडीवर चढते. नोंदवही मात्र कधी कधी जुन्याच केंद्राच्या कपाटात राहते, आणि नव्या ठिकाणचा इंजिनिअर दोनशे पीपीएम हायड्रोजनचा अहवाल हातात घेऊन पहिल्यापासून सुरुवात करतो.